दोन थेंबांत चारवरून दहावर

सांगली-मिरजेतली बारावीची मुलं ज्या पीएचची गणितं सध्या घोटत बसली आहेत, तो पीएच (द्रावण किती ॲसिडिक हे सांगणारा आकडा; जितका कमी तितकं जास्त ॲसिडिक) मूळचा मी राहते त्या कोपनहेगनचा. इथल्या वाल्बी भागात कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आहे. बिअरच्या कारखान्याचे मालक जे. सी. याकोबसेन यांनी ती 1875 मध्ये सुरू केली आणि तिथे लागलेला कुठलाही महत्त्वाचा शोध गुपित ठेवायचा नाही, असा नियमच घालून दिला. तिथल्या रसायन विभागाचे प्रमुख सोरेन सोरेनसेन यांनी 1909 मध्ये पीएच मांडला. ते एन्झाइमवर काम करत होते. एन्झाइमचा वेग द्रावणातल्या हायड्रोजन आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांवर ठरतो आणि हे आयन दर लिटरला 0.0001 मोल, 0.0000001 मोल असे मोजावे लागतात (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). सोरेनसेननी त्यांचा लॉग घेऊन उणे चिन्ह काढून टाकलं, आणि 4 आणि 7 असे सुटसुटीत आकडे हाती आले.

मी इथल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. मुलं मला सरळ नावाने हाक मारतात. आपल्याकडे ‘मॅडम’ ऐकायची सवय असलेल्या कानांना हे सुरुवातीला फार खटकतं. त्याहून मोठा फरक परीक्षेत आहे. इथे तोंडी परीक्षेला लेखीइतकंच वजन असतं. टेबलापलीकडे मी आणि बाहेरून आलेले परीक्षक, अलीकडे मुलगा आणि फळा. उत्तर बरोबर आलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला: हे असंच का?

विश्रामबागेतल्या माझ्या भाचीने परवा व्हिडिओ कॉलवर वही दाखवली, तेव्हा हाच प्रश्न मी तिलाही विचारला. टायट्रेशनच्या, म्हणजे ॲसिडमध्ये बेस मोजून थोडा थोडा सोडत जायच्या प्रयोगाच्या पानावर तिने तीन सूत्रं चौकटीत लिहिली होती: बिंदूच्या (जिथे ॲसिड आणि बेस एकमेकांना नेमके संपवतात) आधीचं, बिंदूवरचं, नंतरचं. “मावशी, कुठलं कधी लावायचं हेच लक्षात राहत नाही गं.”

मी तिला चौकटी खोडायला लावल्या. स्ट्राँग ॲसिड आणि स्ट्राँग बेस असले की दोन्ही पाण्यात पूर्णपणे आयनांत सुटे होतात आणि हायड्रोजन आयन व हायड्रॉक्साइड आयन एकास एक भेटून पाणी होतं. म्हणून प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारायच्या: उरलं कोण आणि किती? आणि आता फ्लास्कमध्ये एकूण द्रावण किती?

25 मिली 0.1 मोलर (लिटरला 0.1 मोल) हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं, म्हणजे 2.5 मिलिमोल. सुरुवातीचा पीएच 1. ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मोजनळीतून, तेवढ्याच तीव्रतेचा सोडियम हायड्रॉक्साइड 12.5 मिली सोडला की 1.25 मिलिमोल ॲसिड संपलं, 1.25 उरलं. द्रावण मात्र आता 37.5 मिली आहे. भागाकार 0.0333, पीएच 1.48. भाचीने 25 नेच भागलं होतं, म्हणून तिचं उत्तर 1.30 आलं. इथली मुलंही नेमकी इथेच अडखळतात.

आता हे बघा. अर्धं ॲसिड संपलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने हलला. 22.5 मिलीला, म्हणजे नव्वद टक्के ॲसिड गेल्यावरही, तो 2.28 च असतो. 24 मिलीला 2.69. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा धरू. बिंदूच्या एक थेंब अलीकडे, 24.95 मिलीला, उरलेलं ॲसिड 0.005 मिलिमोल, द्रावण 49.95 मिली, पीएच 4. पुढच्या थेंबाला 7. त्याच्या पुढच्या थेंबाला आता बेस 0.005 मिलिमोल जास्त, पीओएच (हायड्रॉक्साइड आयनांचा तसाच आकडा) 4, आणि दोघांची बेरीज 14, म्हणून पीएच 10. दोन थेंबांत सहा अंक! लॉगचा हा खेळ वहीत आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. आलेखाची उभी रेघ नुसती पाठ करून तर मुळीच नाही.

बिंदू आला हे रंगाने दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिनही याच उडीमुळे चालतं. ते सुमारे 8.2 ला गुलाबी व्हायला लागतं आणि बिंदू तर 7 ला, मग चूक नाही का होत? भाचीने हे आपणहून विचारलं, मला फार आनंद झाला. हिशेब केला तर 7 ते 8.2 या अंतरासाठी जेमतेम 0.0008 मिली बेस पुरतो, थेंबाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. खरी चूक होते ती एक अख्खा थेंब जास्त पडल्याने, म्हणून शेवटी मी मुलांना अर्धा थेंब घ्यायला शिकवते. नळी किंचित उघडून थेंब टोकाला लोंबता ठेवायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि डिस्टिल्ड वॉटरने आत धुऊन घ्यायचा. त्या पाण्याने ॲसिडचे मोल बदलत नाहीत, त्यामुळे काळजी नाही.

बिंदूवरच्या 7 बद्दल मात्र थोडं थांबायला हवं. तिथे ॲसिडही उरत नाही, बेसही नाही. उरतात ते पाण्याचे स्वतःचे आयन, आणि ते किती हे तापमान ठरवतं. 7 हा आकडा 25 अंशांचा. आमच्या लॅबमध्ये 20 अंश असतात, तिथे उदासीन पीएच 7.08 येतो. सांगलीच्या मे महिन्यात 40 अंशांना तो 6.77 च्या आसपास असेल, आणि तरीही ते पाणी ॲसिडिक नसेल.

कॉल संपता संपता दाजी मागून डोकावले. त्यांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. फवारणीच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएचच, खाली आणायला ते सायट्रिक ॲसिड टाकतात. “आमच्या बोअरच्या पाण्यात टाकलं तर आधी सामू हलतच नाही बघ, आणि मग भराभर उतरतो. ते का?”

ते पाणी आमच्या फ्लास्कसारखं नाही. त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट आधी ॲसिड गिळत राहतं, विशेषतः 6.35 च्या आसपास, आणि ते संपलं की सामू वेगाने घसरतो. शिवाय सायट्रिक ॲसिड वीक आहे, पाण्यात पूर्णपणे सुटं होत नाही, त्यामुळे वरचं गणित तसंच्या तसं लागू होत नाही. प्रत्येक बोअरचं बायकार्बोनेट वेगळं, म्हणून शेजाऱ्याचं प्रमाणही उपयोगाचं नाही. दाजींना मी सांगितलं, एक लिटर पाणी घ्या, सायट्रिक ॲसिडचं मोजून केलेलं द्रावण थोडं थोडं टाका, दर वेळी ढवळून मीटरचा आकडा लिहा. आलेख भाची काढून देईल.