पावसातला शाकोतान: ओतारू ते कामुई टोक

ऑगस्टचा शेवटचा आठवडा, ओतारूत सकाळी सहाला पडदा सरकवला तर बाहेर धो धो पाऊस. जपानमधल्या होक्काइडो बेटाच्या या शाकोतान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर लोक येतात ते निळ्याशार पाण्यासाठी, शाकोतान ब्लू म्हणतात त्याला, आणि समोर तर सगळं राखाडी. कॅन्सल करायचं का यावर नाश्ता होईपर्यंत चर्चा, शेवटी आई म्हणाली गाडी घेतलीच आहे तर निघू, हळूहळू जाऊ. निघालो ते फार बरं केलं.

लायसन्सचं आधी सांगतो. आपल्या आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल परमिट (१९४९ च्या जिनिव्हा करारातलं) तिथे चालतं, सोबत आपलं मूळ लायसन्स आणि पासपोर्ट ठेवा. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे तसं सोपं, फक्त इंडिकेटरची दांडी उजवीकडे आणि वायपरची डावीकडे असते, तर पार्किंगमध्येच दहा मिनिटं हात बसवून घ्या. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवायची, उलट्या लाल त्रिकोणाच्या पाटीलाही तसंच.

पेट्रोल वाटेतल्या योइची गावातच फुल करा, पुढे पंप आणि दुकानं विरळ होत जातात. सेल्फ पंपावर लाल नळी म्हणजे रेग्युलर, पिवळी हाय-ऑक्टेन, हिरवी डिझेल. डिझेलला 'केइयू' म्हणतात आणि छोट्या गाड्यांना 'केइ', त्यावरून गफलत होऊ देऊ नका. खाण्याचंही इथेच बघा. आई मासे खात नाही, म्हणून सेइकोमार्ट या तिथल्या दुकानातून साधा भात गरम करून घेतला आणि घरून नेलेलं मेतकूट, पावसात गाडीत बसून तो भात काय लागला म्हणून सांगू!

योइचीनंतर हायवे २२९. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सरळ उभा कडा आणि बोगद्यामागून बोगदा. बोगद्यात शिरलं की पाऊस एकदम बंद, वायपर कोरड्या काचेवर करकरतात, आणि बाहेर पडताक्षणी काचेवर पाण्याचा पडदा, दोन सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही. स्पीड आतच कमी करा, हेडलाइट दिवसभर चालू ठेवा, काचेवर धुकं धरतं त्यासाठी एसी.

याच रस्त्यावरच्या तोयोहामा बोगद्याच्या फुरुबिरा गावाकडच्या तोंडावर १० फेब्रुवारी १९९६ ला कडा कोसळला, बस आणि एक कार खाली सापडली, २० माणसं गेली. आताचा बोगदा नंतर डोंगराच्या आणखी आतून काढलाय. जवळच सेताकामुई सुळक्यापाशी गाडी लावायला जागा आहे आणि स्मारक आहे. 'सेता' म्हणजे ऐनू (होक्काइडोच्या मूळ रहिवाशांच्या) भाषेत कुत्रा, सुळका तसाच दिसतो, मान वर केलेला. बाबा छत्री घेऊन बराच वेळ तिथे उभे होते, कड्यावरून बारीक बारीक धारा खाली येत होत्या. आपण घाटात दरडी बघितलेली माणसं, जास्त बोलावं लागलं नाही. जपानमध्ये धोक्याच्या काही पट्ट्यांत ठरलेल्या मापापेक्षा जास्त पाऊस झाला की रस्ताच बंद करतात, म्हणून निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा आणि बंद असेल तर वाद न घालता मागे फिरा.

कामुई टोक ओतारूपासून साधारण ७० किमी. पार्किंगपासून टोकापर्यंत पायवाट आहे, कड्याच्या धारेवरून, जायला वीसेक मिनिटं. सुरुवातीला लाकडी कमान, १८५५ पर्यंत इथून पुढे बायकांना बंदी होती. आई आणि बायको त्या कमानीखाली फोटो काढणार म्हणून ठरवून आलेल्या, पण वाऱ्यामुळे वाट बंद. वाईट वाटलंच, तरी छत्री हातात टिकत नव्हती म्हटल्यावर धारेवरून चालायचा विचारसुद्धा नको. उनीचं (समुद्री साळूचं) पण तेच, सीझन जून ते ऑगस्ट, पण समुद्र खवळला की होड्या निघत नाहीत, तेव्हा हॉटेलला आधी फोन करा.

परतताना शिमामुई किनाऱ्याला थांबलो. हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी हाताने खोदलेला बुटका, अंधारा बोगदा आहे, मान वाकवून, पाण्यातून चपचप करत जायचं, टॉर्च आणि चांगली ग्रिप असलेले बूट हवेतच. पलीकडे निघालो तेव्हा पाऊस नुकता ओसरला होता. लांबवर सगळं राखाडीच, पण अगदी खाली खडकांच्या मधे पाणी हिरवट निळं, तळातले दगड मोजता येतील इतकं स्वच्छ. आईने माझा दंड धरून ठेवला होता, म्हणाली थांब जरा, अजून बघू दे.