चाकोरी सोडल्यावर, नोंद पाचवी: दुपारचे चार पीएसआय

वाळवंटातली पाचवी फेरी पार पडली. चार दिवस, दोन गाड्या, 412 किलोमीटर, आणि त्यातले जेमतेम 60 डांबरी. माझी गाडी दोनदा रुतली. मागच्या फेरीत नऊ वेळा रुतली होती, तेव्हा हा फरक कशामुळे पडला ते सविस्तर लिहितो.

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की दुपारी वाळू मऊ पडते, म्हणून अकरानंतर मोठ्या टेकड्यांच्या वाटेला जाऊ नये. ते अर्धंच खरं निघालं. पहाटेची वाळू घट्ट असते हे खरंच. पण दुपारी वाळूबरोबर माझे टायरही बदलत होते आणि तिकडे माझं लक्षच नव्हतं.

पहाटे टायर थंड असताना हवा 18 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) उतरवायची आणि दिवसभर तशीच ठेवायची, ही माझी सवय. या वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर सोबत घेतला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर 10 अंशांवर होते. दुपारी एक वाजता एका चढावर अर्ध्यातच गाडीचा जोर संपला, तेव्हा उतरून मोजलं: टायर 45 अंशांवर, हवा 22. हवा तापली की दाब वाढणार, हे शाळेतच शिकलेलं. पण ते चार पीएसआय वाळूत इतके जाणवतील असं वाटलं नव्हतं. सरळ मागे आलो, चारही चाकं पुन्हा 18 वर आणली आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तितक्याच वेगाने गाडी घातली. माथ्यावर पोचली. खात्री करायला तीनदा करून पाहिलं.

कारण साधं आहे. गाडीचं वजन तेच, दाब कमी, म्हणजे ते वजन पेलायला टायरला जास्त जागा टेकवावी लागते. ही जागा रुंदीत थोडी आणि लांबीत बरीच वाढते. टायर लांबट पावलासारखा पसरला की समोर वाळूचा ढीग साचत नाही, चाक वाळूवर चढून चालतं. ढीग साचला की इंजिनची सगळी ताकद तो ढकलण्यात जाते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुपारी 18 वर आणलेले टायर रात्री गार झाले आणि तिसऱ्या पहाटे गेज 14 दाखवत होता. एवढ्या कमी हवेवर झटकन वळलं तर टायरची कड रिमवरून निसटू शकते. निघण्याआधी कॉम्प्रेसर लावून पुन्हा 18 केली. आता गेज दाराच्या कप्प्यात असतो आणि दिवसातून तीनदा बाहेर येतो. कमी हवेवर वेगही ताब्यात ठेवावा लागतो, कारण टायरची बाजूची भिंत सतत दुमडून तापते. मी 40 च्या वर जात नाही.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी करून ठेवलं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर 1920 आणि 1930 च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन हिंडला. फोर-व्हील ड्राइव्ह नव्हती. टायरची हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळ सरकवायचे, रेडिएटरची वाफ डब्यात धरून तिचं पुन्हा पाणी करायचं, असा त्याचा खाक्या होता. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र फसतं म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र त्याने गाडीवर बसवलं. माझ्या छतावरच्या प्लास्टिकच्या रिकव्हरी बोर्डांचे पूर्वज म्हणजे ते लोखंडी पन्हळच.

पहिल्या दिवसाचा पन्हळी रस्ता मात्र अंगावर आला. 70 किलोमीटर सलग, पत्र्यासारख्या आडव्या लाटा. वेगात गेलं की गाडी लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जाते आणि हादरे कमी होतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. पण तेव्हा चाकं बराच वेळ जमिनीला नीट टेकलेलीच नसतात, त्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही उशिरा लागू पडतात. मी 25 पीएसआयवर, 35 च्या वेगाने गेलो. तरी मागचा डावा शॉकअब्सॉर्बर तापून तेल सोडायला लागला. दर तासाला वीस मिनिटं थांबायला हवं होतं, मी ते केलं नाही.

दोनदा रुतलो त्यातली एक वेळ खाऱ्या मातीच्या सपाट मैदानात. वरून कोरडं, पांढरं, फरशीसारखं कडक. मधोमध जुन्या चाकांचे ठसे होते आणि त्यांच्यावर मी भरवसा ठेवला. वरचा पापुद्रा फुटला आणि खाली काळा चिखल लागला. त्या गाडीच्या वेळी कोरडं असेल, आत्ता नव्हतं. सोबतची गाडी कडेच्या पक्क्या जमिनीवर थांबली होती म्हणून बरं. किनेटिक दोर (ओढताना रबरासारखा ताणला जाणारा) चेसिसवरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या, हुकांना बांधला, सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दुपटीपेक्षा लांब उभं केलं आणि दुसऱ्या ओढीत गाडी सुटली. ट्रेलरच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नका. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि माणूस जातो. आता अशा मैदानाआधी उतरून शंभर पावलं चालतो आणि फावडं खुपसून पाहतो. शक्य असेल तिथे कडेने जातो.

टेकडीच्या माथ्याबद्दलही तेच. पलीकडची वाऱ्याआडची बाजू 30 ते 34 अंशांची असते आणि भर दुपारी सावली नसल्याने ती दिसतच नाही. या फेरीत प्रत्येक अनोळखी माथा आधी पायी चढून पाहिला. उतरताना नाक सरळ खाली, लो रेंजचा (जास्त जोर, कमी वेग) पहिला गिअर. मागची बाजू आडवी व्हायला लागली की ब्रेक सोडून किंचित अॅक्सिलरेटर. मागच्या खेपेला इथेच घाबरून ब्रेक दाबत होतो.

चौथ्या दिवशी डांबरावर चढण्याआधी हवा 34 केली, चाकाला सहा मिनिटं लागली. पुढच्या फेरीआधी दोन्ही मागचे शॉकअब्सॉर्बर बदलायचे आहेत. आणि दुपारच्या त्याच चढावर 20, 18, 16 असं एकेक करून पाहायचं आहे, प्रत्येक वेळी टायरच्या ठशाची लांबी मोजून. टेप गाडीत ठेवला आहे.