हरमलचे स्पेलिंग

१९९८च्या ऑक्टोबरात, पाऊस सरता सरता, गोव्यातील हरमलच्या माझ्या मामांनी घरामागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, बांधलेल्या चार खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. मी तेव्हा पणजीला संगणकाचे शिक्षण घेत होते, त्यामुळे त्या खोल्यांचे संकेतस्थळ तयार करण्याचे काम घरच्यांनी मला न विचारताच माझ्यावर सोपवले. संकेतस्थळ तयार करणे हा चार दिवसांचा खेळ होता. ते कोणाला तरी सापडावे यासाठी मात्र पुढची काही वर्षे खर्ची पडली, आणि त्या वर्षांत मला जे समजले ते बहुतांशी एका गावाच्या नावाभोवतीच फिरत राहिले.

जिओसिटीजवरील फुकटच्या जागेत मी केलेल्या मुखपृष्ठावर समुद्राचे एक मोठे छायाचित्र होते आणि गावाचे नाव, खोल्यांचे वर्णन, दूरध्वनी क्रमांक असा सगळा मजकूर सुबक अक्षरांत त्या चित्रातच बसवलेला होता. माणसाला तो वाचता येत होता. सर्च इंजिनसाठी पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे स्पायडरला, मात्र त्यात एकही शब्द दिसत नव्हता, कारण तो चित्र पाहत नाही, पानामागचा मजकूर वाचतो. शिवाय डावीकडची यादी मी फ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या वेगळ्या चौकटीत, टाकली होती, आणि त्या काळातील बहुतेक स्पायडर फ्रेमच्या उंबरठ्यावरूनच परत फिरत असत. थोडक्यात, आमचे दुकान उघडे होते, पण पाटी कोरी होती.

त्या वेळी आमच्या वर्गातील सर्वांचे आवडते सर्च इंजिन म्हणजे आल्टाव्हिस्टा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने डिसेंबर १९९५मध्ये ते लोकांसाठी खुले केले, तेव्हा आपल्या अल्फा संगणकांची ताकद जगाला दाखवणे हाही त्यामागचा एक हेतू होता. पानाचे केवळ शीर्षक किंवा सारांश न साठवता त्यातील प्रत्येक शब्दाची सूची करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते, आणि आपल्या पानाचा पत्ता एका साध्या अर्जात भरून दिला की त्याचा स्कूटर नावाचा स्पायडर ते पान पाहून जात असे. एक्साइट, लायकॉस, इन्फोसीक आणि इंकटोमीच्या सूचीवर चालणारे हॉटबॉट यांच्याकडेही असेच अर्ज होते. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, मोडेमची ती किरकिर ऐकत, मी एका संध्याकाळी सगळीकडे अर्ज भरले. तत्पूर्वी चित्रातील मजकूर बाहेर काढून साध्या अक्षरांत लिहिला, पानाला नीट शीर्षक दिले आणि वाचकाला न दिसणाऱ्या, केवळ यंत्रासाठी असलेल्या मेटा टॅगमध्ये कीवर्डही भरले. काही दिवसांनी गावाचे नाव रोमन अक्षरांत लिहून शोधले, तर आमचे पान सर्वांत वर होते. मी मामांना फोन करून ही बातमी सांगितली, आणि त्यांनी पहिल्याच दमात विचारले, "अगो, पण माणसे कुठे आहेत?"

माणसे नव्हती, कारण मी 'हरमल' शोधले होते आणि पाहुणे 'अरंबोल' शोधत होते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. पोर्तुगीज लेखनात 'ह' हे अक्षर असले तरी त्याचा उच्चार होत नाही, आणि आमच्या गावांची नावे त्या लेखणीतून गेली तेव्हा हरमलचे अरंबोल झाले, हणजूणचे अंजुना झाले. कोकणीतील शेवटचा अनुनासिक उच्चार दाखवण्यासाठी ते 'म' लिहीत, म्हणून पेडण्याचे पेर्नेम आणि काणकोणातील पाळोळ्याचे पालोलेम. म्हापशाच्या रोमन नावात तर 'स'साठी शेपटीचा 'सी' होता, आणि ती शेपटी गळून पडल्यावर नवखा प्रवासी त्याचे 'मापुका' करतो. पणजीची पाणजी, पांजिम आणि पंजिम अशी रूपे वेगवेगळ्या काळांतील कागदांवर नांदत आली आहेत. माणसाला या सगळ्याची अडचण होत नाही. म्हापशाच्या स्टँडवर कोणीही 'अरंबोल' विचारले तरी वाहक त्याला हरमलच्याच बसमध्ये बसवतो. परंतु तत्कालीन सर्च इंजिन अक्षराला अक्षर जुळवून पाहणारे यंत्र होते. त्याच्या लेखी हरमल आणि अरंबोल ही दोन गावे होती, आणि त्यांपैकी एकात आमच्या खोल्याच नव्हत्या.

मामांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी जो उपाय काढला तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. परदेशी पाहुण्यांसाठी तेव्हा सी फॉर्म नावाचा सरकारी अर्ज भरावा लागे, आणि त्यासाठी पासपोर्टवरील माहिती उतरवण्याचे एक जाड रजिस्टर ते ठेवत असत. त्या रजिस्टरात त्यांनी पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना केला. इंटरनेटवर शोध घेऊन आलेल्या पाहुण्याने, आपण संगणकावर नेमके कोणते शब्द लिहिले, ते त्या रकान्यात स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे. खोल्या त्यांना आमच्या पानावरून मिळालेल्या असोत किंवा दुसऱ्याच्या पानावरून गावात येऊन, मामा प्रत्येकाला लिहायला लावत. पहिल्या हंगामाच्या अखेरीस त्यात एकट्या आमच्या गावाची नऊ स्पेलिंगे जमली होती. पुढे सशुल्क जागा घेतल्यावर सर्व्हरच्या नोंदींत पाहुणे कोणत्या शोधातून आले ते दिसू लागले, पण तिथे जे पोहोचले त्यांचेच शब्द कळत. जे पोहोचले नाहीत त्यांचे शब्द मामांच्या रजिस्टरात होते.

ती नऊ स्पेलिंगे पानावर आणायची कशी, या प्रश्नाचे उत्तर मी त्या वयाला शोभेल असेच दिले. पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ती सगळी नावे लिहिली, आणि एवढ्यावर न थांबता 'गोवा' हा शब्द सलग चाळीस-पन्नास वेळा लिहिला. ही युक्ती मला एकटीला सुचली असे मला वाटले होते, पण ती तेव्हा जगभर चालू होती. शब्द पानावर किती वेळा येतो याला महत्त्व दिले जात असल्यामुळे लोक तो शब्द रेटून भरत, आणि सर्च इंजिने असा भरणा ओळखून पाने काढून टाकायला शिकत होती. आमचेही पान एका सर्च इंजिनातून एका सकाळी नाहीसे झाले, आणि ऐन नाताळच्या हंगामात मला गावाच्या नावांचा इतिहास सांगणारा एक परिच्छेद उघड्या, वाचण्याजोग्या अक्षरांत लिहावा लागला. हरमलला अरंबोल का म्हणतात, पेडण्याला पेर्नेम का म्हणतात, हे मी त्यात दहा-बारा ओळींत सांगितले. सगळी स्पेलिंगे त्यात आपोआप आली, आणि पाहुण्यांनाही तोच परिच्छेद सर्वांत जास्त आवडला. मेटा टॅगमधील कीवर्डच्या याद्यांवर मी घातलेला वेळ मात्र वाया गेला असेच म्हणावे लागेल. गूगलने तर २००९मध्ये उघडच सांगितले की क्रम ठरवताना तो टॅग विचारात घेतला जात नाही.

निर्देशिकांचे, म्हणजे संकेतस्थळांच्या विषयवार याद्यांचे, जग याहून निराळे होते. याहूची निर्देशिका १९९४मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांच्या आवडत्या दुव्यांच्या यादीतून वाढली, आणि तिथे यंत्र नव्हे तर माणसे पान पाहून त्याला योग्य विभागात बसवत असत. विभागातील नावे वर्णक्रमाने लावली जात, म्हणून कित्येक व्यावसायिकांनी आपल्या नावाच्या सुरुवातीला 'ए' आणि 'वन' चिकटवून घेतले होते. मामांनी ही सूचना ऐकून घेतली आणि खोल्यांना आजीचे नाव दिले आहे, ते बदलणार नाही, असे सांगून विषय संपवला. १९९९मध्ये याहूने व्यावसायिक संकेतस्थळांचा अर्ज लवकर पाहण्यासाठी १९९ डॉलर शुल्क सुरू केले. ते केवळ पाहण्याचे शुल्क होते, नोंद होईल याची हमी नव्हती आणि पैसे परत मिळत नव्हते. त्या काळच्या दराने ही रक्कम साडेआठ हजार रुपयांच्या आसपास जात होती, आणि मामांच्या खोलीचे भाडे होते रात्रीला दीडशे.

म्हणून मी ओपन डिरेक्टरी प्रोजेक्टकडे वळले. १९९८मध्ये सुरू झालेला आणि त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने घेतलेला हा उपक्रम सर्वस्वी स्वयंसेवक संपादकांवर चालत असे, आणि त्याची यादी कोणालाही फुकट वापरता येत असल्यामुळे तिथली एक नोंद पुढे कितीतरी ठिकाणी उमटत असे. गूगलने २०००मध्ये सुरू केलेली निर्देशिकाही त्याच यादीवर उभी होती. माझ्या अर्जातील 'नयनरम्य', 'अविस्मरणीय' आणि 'सर्वोत्तम' हे तिन्ही शब्द त्या अनोळखी संपादकाने कापले आणि उरलेले एक कोरडे वाक्य छापले: समुद्राजवळ चार खोल्या, न्याहारीची सोय. मराठी जाहिरातींचे संपादनही कोणीतरी असेच करावे, असे मला अधूनमधून वाटते.

याच सुमारास, दोन हजार सर्च इंजिनांत नोंद करून देतो म्हणणाऱ्या एका शहरातील व्यावसायिकाला मी दीड हजार रुपये दिले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ज्यांतून खरोखर माणसे येत होती अशी सर्च इंजिने तेव्हा जेमतेम दहा-बारा होती. उरलेली ठिकाणे म्हणजे कोणीही काहीही चिकटवावे अशी दुव्यांची पाने होती, आणि तिथे दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पुढे इतका कचरा येऊ लागला की तो पत्ता सोडून द्यावा लागला.

गूगल आमच्या घरात २०००च्या पावसाळ्यात आले. त्याच वर्षी याहूने आपल्या निर्देशिकेबाहेरच्या शोधासाठी गूगलची निवड केली होती, म्हणजे निर्देशिकेत ज्यांना जागा नव्हती त्यांनाही याहूच्या दारातून आत येण्याची वाट मिळाली. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांची कल्पना अशी होती की एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस समजावी, आणि शिफारस करणाऱ्या पानाची स्वतःची पत जितकी मोठी तितके तिचे वजन अधिक धरावे. हे पेजरँक प्रकरण पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही: दुवा देताना लोक ज्या शब्दांवर तो जोडतात, ते शब्द गूगल दुवा मिळालेल्या पानाच्या खात्यावर जमा करत असे.

आमच्याकडे दोन हिवाळे राहून गेलेल्या एका जर्मन जोडप्याने आपल्या प्रवासवर्णनाच्या पानावर आमचा दुवा दिला, आणि तो देताना गावाचे नाव त्यांना ऐकू आले तसे लिहिले. ते स्पेलिंग माझ्या पानावर कुठेही नव्हते, मामांच्या नऊ नावांतही नव्हते. तरीही काही आठवड्यांनी ते नाव गूगलमध्ये घातले की आमच्या खोल्या वर दिसू लागल्या. तेव्हा गूगलची सूची साधारण महिन्याने एकदा बदलत असे आणि त्या दिवसांत क्रम खालीवर हलत राहत, म्हणून मी आधी तो योगायोग समजले. पण पुढच्या महिन्यातही पान तिथेच होते. दोन वर्षे मी आमच्या पानावर गावाचे नाव कसे लिहावे याच्याशी झुंजत होते, आणि आता पान न पाहता, पानाविषयी इतर काय म्हणतात ते ऐकून यंत्र निर्णय घेत होते. यानंतर मी पाहुण्यांना निरोप देताना दुव्याची विनंती करू लागले, पण कोणते शब्द लिहायचे ते मात्र कधी सांगितले नाही.

एवढे सगळे इंग्रजीत चालले असताना मराठी पानाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. हरमलच्या किनाऱ्यालगत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे, आणि त्याविषयी मी १९९९मध्येच मराठीत एक पान लिहिले होते. ते शिवाजी फाँटमध्ये होते. या फाँटमध्ये 'क' दिसत असला तरी आत साठवलेले अक्षर रोमनच असते, केवळ त्याचा मुखवटा देवनागरी असतो; त्यामुळे सर्च इंजिनांच्या सूचीत माझा मराठी लेख निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग म्हणून गेला होता. वाचकाने फाँट उतरवून घेतला तर लेख वाचता येई, पण शोधून सापडण्याचा मार्गच नव्हता. प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरी १९९१पासून होती आणि विंडोज २०००बरोबर मंगल फाँटही आला होता, तरी मी ते पान बदलायला २००४ उजाडले. तोवर मराठी विकिपीडिया सुरू होऊन वर्ष लोटले होते आणि युनिकोडमधील मराठी पानांचा आकडा हळूहळू वाढत होता. देवनागरीत 'हरमल' शोधले की आमचे पान लगेच वर आले, कारण स्पर्धाच नव्हती. 'हरमलला', 'हरमलच्या' किंवा 'हरमलात' असे लिहिले की मात्र काही सापडत नसे, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात आणि अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला ही सगळी निरनिराळी गावे वाटतात. म्हणजे रोमन लिपीत पोर्तुगिजांनी जे केले होते, ते देवनागरीत आमच्या व्याकरणाने केले. मी तळ्याविषयीचा लेख पुन्हा लिहायला घेतला आणि गावाचे नाव जमेल तितक्या विभक्तींत येईल अशी वाक्ये रचली. ती काही ठिकाणी अवघडलेली वाटतात, हे मला मान्य आहे.

२००५च्या मे महिन्यात, परदेशी हंगाम संपून खोल्या रिकाम्या असताना, मामांचा फोन आला. कोल्हापूरहून एक कुटुंब आले होते आणि त्यांनी संगणकावर मराठीत शोधून आमचे पान काढले होते. भारतीय पाहुण्यांचा सी फॉर्म नसे, तरी मामांनी सवयीने ते जाड रजिस्टर उघडले होते आणि शेवटच्या रकान्यापाशी ते अडले होते. "अगो, ही माणसे म्हणतात, आम्ही हरमलच लिहिले," ते म्हणाले, "मग इथे स्पेलिंग काय घालू?"