पंखा फिरतोय का?

डेस्कटॉप सुरू होत नाही म्हणून दुरुस्तीवाल्या मुलाला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, पंखा फिरतोय का?" पंखा फिरत नसेल तर दुखणं विजेचं. फिरतोय आणि पडदा मात्र काळाच आहे, तर दुखणं पुढचं. एवढ्या एका प्रश्नात त्याने निम्मं खोकं बाजूला ठेवलेलं असतं. इकडे आपण तोवर मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, जळाल्याच्या निष्कर्षाला येऊन पोचलेलो असतो आणि घरातलं कोणीतरी "व्हायरस असणार" असं सांगून स्वयंपाकघरात परत गेलेलं असतं. व्हायरसला तरी काम करायला आधी यंत्र सुरू व्हायला नको का?

माझं आपलं एक मत आहे. संगणक बिघडतो तो बहुतेक वेळा सांध्यांत. प्रोसेसर वगैरे बड्या नावांची मंडळी सहसा धडधाकट असतात. माणसाचे गुडघे जसे आधी कुरकुरतात, तशा इथे पिना, सॉकेटं, खाचा आणि वायरी. झाडू मारताना एक्स्टेंशन बोर्डाची पिन अर्धी बाहेर आलेली असते. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पाठीमागचा छोटा खटका कोणाच्या तरी हाताने पडलेला असतो. किंवा खोक्यामागे मॉनिटरसाठी दोन जागा असतात, एक मदरबोर्डची आणि एक ग्राफिक्स कार्डाची, आणि साफसफाईनंतर केबल नेमकी चुकीच्या जागी जाऊन बसते. यंत्र आत व्यवस्थित चालू असतं, फक्त दाखवत काहीच नाही.

पुढचं बटण हाही एक सांधाच. पूर्वी त्या बटणातून खरोखरच घरातली २३० व्होल्टची वीज खेळायची. विंडोज ९५ च्या दिवसांत काम आवरलं की पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता संगणक बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाचा निरोप यायचा आणि मग आपण हाताने खटका पाडायचो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचा हुद्दा घसरला. आता ते नुसता इशारा देतं. मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना टेकवायच्या, एवढंच त्याचं काम. म्हणून बटण मेलं असलं तर जाणकार माणूस बटणाची वायर उपसतो, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावतो आणि यंत्र सुरू करून दाखवतो. तिथे जेमतेम काही व्होल्ट असतात, पण बघणारे दोन पावलं मागे सरकतातच. (एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठून राहते आणि ती चेष्टा करत नाही.)

बटण दाबल्यावर लगेच काम सुरू होतं असं आपल्याला वाटतं, पण प्रोसेसरला आधी थांबवून धरलेलं असतं. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे दाब स्थिरावले की एसएमपीएस 'वीज ठीक आहे' असा संदेश देतो. त्याला अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, जागं होतं आणि आपलं आपणच अंग चाचपून बघतं. मेमरी आहे का, पडद्याचं (ग्राफिक्स) कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का. जुनी यंत्रं कीबोर्ड सापडला नाही तर तसं लिहून दाखवायची आणि वर सांगायची, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा!

सगळं जागेवर असेल तर एक छोटा बीप. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही रीत आहे. पडदाच बंद असेल तर यंत्राला बोलायला उरतो तो हा बीपच. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डाची तक्रार. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, तरी ऐकायला शिकलं की पुष्कळ हमाली वाचते. हल्ली बऱ्याच कॅबिनेटांमध्ये तो एवढासा स्पीकरही देत नाहीत. चार रुपये वाचवायला यंत्राची वाचाच काढून घ्यायची, हे काही मला पटत नाही.

आता खोडरबर. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हा उपाय घरोघरी ठाऊक आहे. वायर काढायची, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उपसायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, भुसा फुंकायचा नाही, ब्रशने झटकायचा, आणि दोन्ही बाजूंनी 'टक' असं ऐकू येईपर्यंत पट्टी परत दाबायची. शुद्धतावादी नाकं मुरडतात. त्या दातांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो आणि घासताना स्थिर वीज तयार होते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. शिवाय गुण पुष्कळदा खोडरबराचा नसतोच. काढून पुन्हा बसवलं, एवढ्यानेच सांधा जुळलेला असतो. पण नुसतं काढून घातलं तर दुरुस्ती झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून खोडरबर टिकून आहे.

माझ्या मताला अपवाद आहेत, कबूल. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत खराब रसायन भरलेले कपॅसिटर बाजारात आले आणि जगभरचे मदरबोर्ड त्यांच्यापायी गेले. डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली दिसली की घासूनपुसून काही होत नाही. तिथे डाग द्यायचं यंत्र घेऊन बसणारा माणूसच लागतो.

आणि कधीकधी यंत्र सुरू होतं, विंडोज उघडतं, इंटरनेटही असतं, पण बँकेचं पान काही केल्या उघडत नाही. सुरक्षित नाही, म्हणतं. कोपऱ्यातलं घड्याळ बघावं तर जानेवारी २००९. बँकेचं प्रमाणपत्र आजचं, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते अजून लागूच झालेलं नाही. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल चपटा सेल संपलेला असतो. तो घड्याळजीकडे मिळतो, जुना नखाने उचकटून निघतो आणि नवा घालताना अधिकची बाजू वर ठेवायची असते.