आमची वाटचाल: पॅनेलच्या शेडमधून इमारतीच्या बिलाकडे

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही विजेचे पॅनेल, म्हणजे यंत्रं चालू-बंद करणाऱ्या स्विचांच्या पेट्या, बनवायचो. मोटर स्टार्टर, एपीएफसी म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली कामाला येणारी किती, ते प्रमाण) आपोआप सुधारणारं पॅनेल, लाईट गेली की जनरेटरवर वळवणारे चेंजओव्हर. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांची कामं मिळायची, पण मधल्या कंत्राटदारामार्फत, आणि पैसे त्याच्या सवडीने. मोठ्या इमारतींकडे आम्हाला वळवलं ते वीजबिलाने. १ एप्रिल २०२० पासून महावितरणने उच्चदाब, म्हणजे मोठ्या वापराच्या, ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेल्या विजेऐवजी घेतलेल्या एकूण विजेवर, बिल लावलं. तोवर पॉवर फॅक्टर चांगला ठेवला की वेगळी सवलत मिळायची. आता तो घसरला की बिलातली युनिटंच फुगतात. त्यामुळे हॉस्पिटलं, हॉटेलं, कॉलेजं पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर तपासायला बोलावू लागली. कपॅसिटर तपासायला तासभर लागतो. उरलेला वेळ आम्ही बिल वाचण्यात घालवायचो, आणि खरं काम तिथे सापडलं: इमारतीतली यंत्रं आपोआप चालवून बिल कमी करणं.

बिलात युनिटांच्या शेजारी डिमांडचा, म्हणजे एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक विजेचा, आकडा असतो, त्याकडे मालकाचं लक्ष जात नाही. महिनाभरात थोडा वेळ जरी मागणी उंच चढली, तरी डिमांड चार्ज त्या चढाईवर लागतो. वीज कंपनीशी ठरलेली करार मागणी ओलांडली तर वरच्या प्रत्येक केव्हीएला (हे मागणीचं माप) दीडपट दर. आपल्याकडे ही चढाई होते कधी? मे महिन्यातल्या दुपारी, गेलेली लाईट परत येते तेव्हा. इमारत तापलेली, टाक्या रिकाम्या, लिफ्टपाशी गर्दी. एका हॉस्पिटलच्या वायरमनमामांनी एका वाक्यात सांगितलं, "साहेब, लाईट आली की जो तो आपलंच बटण दाबायलाय." चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र), सगळे एएचयू (गार हवा खेळवणारे पंख्यांचे संच), पंप एकदम उठतात आणि मीटर तो क्षण लिहून ठेवतं.

आमची पहिली स्वयंचलित यंत्रणा याच कामासाठी होती. एक पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक), मॉडबस नावाच्या संदेशवाहिनीवर जोडलेले मीटर, आणि ठरवून दिलेला क्रम. आधी लिफ्ट आणि अत्यावश्यक विभाग, मग पंप, मग एएचयू कमी वेगात, शेवटी चिलरचे कॉम्प्रेसर एकेक करून. दिवसभरात मागणी मर्यादेजवळ सरकली की गिझर, तळघरातले एक्झॉस्ट, टाकीचे पंप थोडा वेळ आपोआप थांबतात. वरच्या मजल्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. कंपन्यांची माहितीपत्रकं 'स्मार्ट बिल्डिंग' म्हणून जे रंगवतात, त्यात लाईट जाण्याचा उल्लेखच नसतो. आमचा निम्मा धंदा त्या न लिहिलेल्या पानावर चालतो.

दुसरा मोठा फायदा पंख्यांचा. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पण जुन्या इमारतींत पंखा पूर्ण वेगात आणि डॅम्पर (हवेची झडप) अर्धा बंद, अशीच पद्धत. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ब्रेक मारत गाडी हाकायची. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवला तरी त्याला कुणी हुकूम द्यायला हवा ना? तो हुकूम तापमान आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर देतात. सभागृह रिकामं असेल तर हवा कमी, भरलं की जास्त. आणि आपल्या पठारावर डिसेंबर-जानेवारीची पहाट इतकी गार असते, की तेव्हा बाहेरचीच हवा आत घेतली तर चिलर चालवायची गरज पडत नाही. कुणी माणूस पहाटे उठून डॅम्पर उघडत नाही, यंत्रणा उघडते.

लातूर, बीडकडे गेलं की विजेआधी पाण्याचा प्रश्न निघतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं होतं, ते तिथला कोणताही हॉटेलमालक विसरलेला नाही. पाण्याने थंड होणाऱ्या चिलरला वीज कमी लागते, पण त्याचा कूलिंग टॉवर वाफेवाटे पाणी उडवत राहतो. हवेने थंड होणाऱ्या चिलरला पाणी लागत नाही, पण पारा चाळिशीपार गेला की तो वीज खातो. दोन्ही असतील तर कोणता कधी चालवायचा, हे टँकरचा भाव आणि बाहेरचं तापमान बघून ठरवता येतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असल्यामुळे कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) नळ्यांत थर बसतो आणि बिल हळूहळू चढतं. टीडीएसचा, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारा, सेन्सर लावला की टॉवरमधलं पाणी गरजेपुरतंच सोडलं जातं, आणि थर वाढू लागल्याचं तापमानातल्या फरकावरून आधीच कळतं.

दराच्या वेळांचंही तसंच. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती, म्हणून टाक्या रात्री भरायच्या. २०२५ च्या दरआदेशात सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे गेली आणि संध्याकाळ महागली. ज्यांच्याकडे यंत्रणा होती त्यांचं वेळापत्रक आम्ही ऑफिसात बसून बदललं.

काही ठिकाणी मात्र आम्ही हात लावत नाही. ऑपरेशन थिएटर चालू असताना तिथली हवा कमी करून कसली बचत? रात्री वापर नसेल तेव्हा वेग उतरवतो, तोही आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राखूनच.

यंत्रणेचा खरा शत्रू पॅनेलवरच बसलेला असतो: ऑटो-मॅन्युअलचा स्विच. कुणाला गरम झालं की तो मॅन्युअलवर जातो आणि तिथेच राहतो. थर्मोस्टॅट १८ वर नेऊन ठेवणारेही कमी नाहीत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) मते सेटिंग एक अंश वर नेलं की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते. हे ज्याला सांगावं तो मान डोलावतो आणि परत १८ करतो. आम्ही आता मॅन्युअलवर राहिलेलं प्रत्येक यंत्र स्क्रीनवर लाल दाखवतो, आणि सगळे संदेश मराठीत लिहितो: "एएचयू ३, पट्टा तुटला." वायरमन मंडळींना आधी वाटायचं, हे आपली नोकरी खाणार. आता रात्री फोन येतो तो त्यांचाच, आणि बहुतेक वेळा बिघाडाचा अंदाजही बरोबर असतो.

नवं गिऱ्हाईक आलं की कोटेशनआधी आम्ही मागच्या बारा महिन्यांची बिलं मागतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॉट जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए करार मागणीपासून पुढे लागू होते. आमचंही काम साधारण तिथूनच परवडतं. त्याखालच्या इमारतीला दोन टायमर, एखादा व्हीएफडी आणि टाकीला फ्लोट स्विच पुरतो. ते सामान गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं, आणि बसवायला आमची गरज नाही.