बारा स्लॉटचा स्टेटर: दहा पोलवरून आठ पोलवर

छोट्या मिलिंग स्पिंडलच्या मोटरचा दुसरा स्टेटर (मोटरचा स्थिर, तारांच्या वेढ्यांचा भाग) बांधून झाला. पहिला होता १२ स्लॉट (तार बसवायच्या खाचा), १० पोलचा (फिरत्या रोटरवरचे चुंबकीय ध्रुव). दुसऱ्यालाही स्लॉट १२च आहेत, पण रोटर ८ पोलचा घेतलाय. बाहेरचा व्यास १२० मिमी, कमाल वेग ६००० आरपीएम, हे दोन्हीकडे सारखंच. कॉगिंगचं, म्हणजे करंट नसतानाही चुंबक दातांना ओढून रोटर अडखळवतो त्याचं, गणित माहीत असलेल्यांना हा उलटा प्रवास वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो.

स्लॉट आणि पोल यांचा लसावि जितका मोठा तितकं कॉगिंग सौम्य, हे आपण सगळेच धरून चालतो. १२ आणि १० चा लसावि ६०, तर १२ आणि ८ चा फक्त २४. पहिल्या मोटरचा रोटर हाताने फिरवला तर जवळजवळ अडखळत नसे. तरीही ५७०० आरपीएमच्या आसपास ती असा सूर धरायची की टेबलही त्यात सामील व्हायचं.

कारण आवाजाचा संबंध मसाविशी जास्त आहे. एअर गॅपमध्ये (रोटर आणि स्टेटरमधल्या फटीत) १ टेस्ला चुंबकीय क्षेत्र असेल तर दाताच्या (दोन स्लॉटमधल्या लोखंडाच्या) तोंडावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० न्यूटन ओढ बसते, आणि ही ओढ टॉर्क न देता नुसती आतल्या दिशेने खेचते. १२ आणि १० चा मसावि २. म्हणजे ही ओढ स्टेटरच्या कड्याला समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबते, कडं लंबगोल होतं आणि तो लंबगोल विद्युत वारंवारितेच्या (दर सेकंदाचे फेरे गुणिले पोलच्या जोड्या) दुपटीने कंप पावत राहतो. १२ आणि ८ चा मसावि ४, त्यामुळे कड्याला दोनऐवजी चार फुगवटे येतात. पातळ कड्याच्या बाबतीत फुगवट्यांच्या संख्येचा वर्ग करून त्यातून १ वजा करायचा आणि उत्तराचा पुन्हा वर्ग करायचा. वाकणं तितक्या पटीने कमी होतं. २ साठी हा आकडा ९ येतो, ४ साठी २२५. तेवढ्याच बलाला पंचवीसपट कमी वाकणं, हे मला कॉगिंगपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

जुना स्टेटर दोरीला टांगून लाकडी मुठीने ठोकला आणि मोबाइलवर स्पेक्ट्रम पाहिला. सगळ्यात उंच शिखर ९५० हर्ट्झच्या जवळ होतं. दहा पोलच्या मोटरमध्ये ५७०० आरपीएमला विद्युत वारंवारिता ४७५ हर्ट्झ होते. तिची दुप्पट बरोबर तिथेच पडते. स्टेटर बांधण्याआधी ही ठोकून बघायची चाचणी प्रत्येकाने करावी, तिला कुठलंही महाग उपकरण लागत नाही. मात्र वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेढे) भरल्यावर ती पुन्हा करायला हवी. तांब्याने वजन वाढतं, पण ताठपणा त्या मानाने वाढत नाही, आणि शिखर खाली सरकतं.

आठ पोलचे इतरही परिणाम आहेत. प्रत्येक पोलचा चुंबकीय फ्लक्स सव्वापट होतो, म्हणून योक (दातांमागचं लोखंडी कडं) ८ मिमीवरून १० मिमी करावा लागला. कड्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे तो आपोआप दुपटीच्या जवळ गेला. ६००० आरपीएमला वारंवारिता ५०० ऐवजी ४०० हर्ट्झ राहते. शिवाय स्टेटर ज्या पत्र्यांच्या थप्पीचा बनतो तो पत्रा ०.५ ऐवजी ०.३५ मिमीचा घेतला. एडी करंटचा (लोखंडात उठणाऱ्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांचा) लॉस वारंवारितेच्या आणि जाडीच्याही वर्गाने बदलतो, तेव्हा दोन्ही मिळून तो हिशेबाने मूळच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडा खाली येतो. हिस्टेरेसिसचा (लोखंडाचं चुंबकत्व पुन्हापुन्हा उलटताना होणारा) लॉस फक्त वारंवारितेच्या प्रमाणात, म्हणजे पाचव्या हिश्श्याने उतरतो.

याची किंमत तांब्यात चुकती करावी लागते. वाइंडिंग फॅक्टर (वेढ्यांचा किती भाग टॉर्कसाठी उपयोगी पडतो तो आकडा) ०.९३३ वरून ०.८६६ वर येतो. तेवढ्याच टॉर्कसाठी करंट वाढतो आणि कॉपर लॉस सुमारे १६ टक्क्यांनी चढतो. त्यात जाड योकने स्लॉटची खोलीही खाल्ली. म्हणून दात वेगळे कापून घेतले. प्रत्येक दातावर तार ओळीने, वेढ्याला वेढा लावून गुंडाळली आणि मग दात अखंड कड्याच्या खाचेत बाजूने सरकवले. अरुंद तोंडातून तार कोंबताना जे साधत नाही, ते इथे साधतं. तांबं गच्च बसलं की उष्णताही लोखंडात लवकर उतरते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, तेव्हा थंड वाइंडिंग हीसुद्धा बचतच आहे.

वाढलेल्या कॉगिंगवर उपाय म्हणून दातांच्या तोंडावर खाचा पाडल्या. इथे एक बारकावा आहे. दाताला एकच खाच दिली तर स्लॉट जणू २४ होतात, पण २४ आणि ८ चा लसावि पुन्हा २४च, म्हणजे काहीच फायदा नाही. दोन खाचा दिल्या की ३६ होतात आणि लसावि ७२ वर जातो. आता रोटर हाताने फिरवताना बारीक खरखर लागते, पूर्वीच्या दहा पोलच्या इतकी मऊ नाही, पण अडखळ म्हणावी अशीही नाही.

बांधणीत दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. बाहेरून वेल्डिंगची रेघ ओढली नाही, कारण वेल्डने पत्रे एकमेकांना जोडले जातात आणि एडी करंटला आयता रस्ता मिळतो. दुसरं, कडं मोटरच्या बाहेरच्या कवचात घट्ट दाबून बसवण्याऐवजी चिकटवलं. दाबाखाली सिलिकॉन स्टीलचे चुंबकीय गुण बिघडतात आणि लॉस वाढतो.

मोटर आता ६००० पर्यंत सरळ चढते, मधला तो सूर नाही. उरलाय तो बेअरिंगचा आवाज आणि ड्राइव्हच्या पीडब्ल्यूएमची (व्होल्टेज झपाट्याने चालू-बंद करण्याची) शिट्टी. ती २० किलोहर्ट्झवर नेली की कानाला जात नाही, पण ड्राइव्हचे स्विच जास्त तापतात.

लॉसची खरी मोजणी बाकी आहे. दुसऱ्या मोटरने ही फिरवायची, आधी बिनचुंबकी रोटर घालून आणि मग चुंबकाचा. दोन्हींतल्या पॉवरचा फरक म्हणजे मुख्यतः कोअर लॉस, म्हणजे लोखंडातला लॉस. त्याला वारंवारितेने भागून आलेख काढला की साधारण सरळ रेघ येते: ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो हिस्टेरेसिसचा वाटा, तिचा चढ एडी करंटचा. पुढच्या नोंदीत हाच आलेख देईन. ०.२ मिमीचा पत्रा कुणी वापरला असेल तर थप्पीत लोखंडाचं प्रमाण किती भरलं ते जरूर सांगा. पत्रा पातळ होतो तसा त्यावरच्या विद्युतरोधक लेपाचा वाटा वाढत जातो, आणि तिसऱ्या स्टेटरचा निर्णय त्यावरच अडलाय.