शिवराई निघाली, किती येतील?

‘देव्हाऱ्यात एक शिवराई निघाली. महाराजांच्या काळातलीच असणार ना? किती येतील?’ असं तुम्ही विचारलंत, म्हणून आधी उत्तर देतो. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. महाराजांच्या काळातली ती असेलच असं नाही, आणि लाखही येणार नाहीत.

एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ हा लेख 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडला जातो. पण महाराजांनंतरही हाच लेख घेऊन शिवराया पडत राहिल्या, अगदी पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही. त्यामुळे नाव वाचून काळ ठरत नाही. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उशिराची. ‘शिव’चं ‘सिव’ किंवा ‘सीव’, ‘पति’चं ‘पती’ अशी रूपं भरपूर आहेत, आणि संग्राहक पैसे मोजतात ते एखाद्या दुर्मीळ रूपाला. साधी, झिजकी शिवराई मात्र शेकड्यांतच जाते.

भाव ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे ठसा, म्हणजे नाण्यावर अक्षरं उमटवणारा साचा. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे लेखाचा काही भाग बहुधा बाहेरच राहतो. सगळी अक्षरं आणि भोवतीच्या बिंदूंच्या वर्तुळाचा निदान काही भाग आलेलं नाणं क्वचितच मिळतं. त्याची किंमत वेगळी.

देव्हाऱ्यातल्या शिवराईची खरी वैरीण चिंच. दर सणाला घासून लखलखीत केलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा उरत नाहीत, आणि आम्लाने उघडं पडलेलं गुलाबी तांबं जाणकाराला लांबूनच कळतं. तपकिरी, काळपट किंवा घट्ट हिरवा थर तसाच राहू द्या. माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग मऊ कापडाने नुसतं टिपा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षारांचा रोग आहे, हवेतल्या ओलाव्यावर तो वाढत जातो. असं नाणं इतरांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा. पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात कुठलंच तांब्याचं नाणं नको.

नकली ओळखायला वजन करा. पूर्ण शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते, पण झिजेने किंवा उशिराच्या घडणीत कमीही भरते, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नये. ओतीव नकलेत कडेला साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि साबणासारखी गुळगुळीत अक्षरं दिसतात.

फोनवर कुणी लाखांचा भाव सांगून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितलं तर फोन ठेवा. असल्या व्यवहारांत आपण नाही आणि कमिशनही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. आणि शेतात हंडा लागलाच, तर 1878 च्या कायद्यानुसार 10 रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.